निंबापासून बावीस पावलं

परसात कुदळ पडली, धप्प, आणि माझ्या हातातली पुरी कढईत पडायची ती शेगडीच्या काठावर पडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घर पाहुण्यांनी भरलेलं, चहाचं आधण उकळून उकळून अर्धं झालेलं, आणि मागच्या दारातून पाहते तर मामाजी, म्हणजे माझे सासरे धोंडबा, धोतर गुडघ्यावर खोचून डाव्या भिंतीच्या कडेनं माती उलटवून राहिले होते. माणसं लेकाकडे येताना डब्यात अनारसे आणतात, लोणचं आणतात. आमच्या मामाजींनी साकोलीकडून कुदळ आणली होती, पोत्यात गुंडाळून, गाडीत बाकाखाली सरकवून. आल्या दिवशीच त्यांनी आमच्या भिलाईच्या क्वार्टरचं परस पाहिलं, मातीचं एक ढेकूळ बोटांत चुरलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "अवं रुक्मा, हे एवढी जागा खाली कावून पडू देली तुमी? वाल नाही, कोथिंबीर नाही. पाप हाये हे." त्या वेळी मी हसले होते. आता हसू कुठलं येतंय? पहिला वाफा डाव्या भिंतीला लागून. तिथून उजव्या कोपऱ्यापर्यंत आणखी सहा वाफे बसतील एवढी जागा होती. मी नजरेनं मोजली. मग पुढचे आठ-दहा दिवस मी स्वयंपाक केला, पाहुण्यांच्या पोरांची नाकं पुसली, देवीला जाऊन आले, पण डोक्यात मोजणी सुरूच. सहा राहिले. पाच राहिले.

उजव्या कोपऱ्यात काय आहे ते घरात फक्त मला माहीत होतं, आणि कौशल्याला. कौशल्या म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येते ती. इथलीच, छत्तीसगढची. गेल्या वर्षी आषाढात सहाव्या महिन्यात माझं पोट पडलं, दवाखान्यातून घरी आले तर उठून पाणी घेता येईना, तेव्हा यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तिला लावली. महिनाभरापुरती म्हणून लावली ती राहिली. तशी मी कामवाल्या बाईशी गोडीत वागणारी नाही. माझं तोंड चालतं, ते सगळ्या सेक्टरला माहीत आहे. राख नीट धुतली नाही की मी बोलायची, उशीर झाला की बोलायची, आणि ती आपली खाली मान घालून हसायची. पण एक गोष्ट मला खुपायची. भाताची पेज निथळली की ती थोडी गडव्यात घ्यायची आणि उजव्या कोपऱ्यात नेऊन ओतायची. रोज. मुंग्या होतात, चिकट होतं, वास येतो. त्याच वर्षी भादव्यात, पितरांच्या पंधरवड्यात, एक दिवस मी तिचा हात धरला. म्हटलं, ही काय तऱ्हा आहे तुझी, मोरी काय तिकडे आहे? तिनं गडवा खाली ठेवला. म्हणाली, "इहां मोर नोनी सुते हे, बहिनी." माझी पोरगी झोपली आहे इथं. एवढ्या साध्या आवाजात म्हणाली की मी खरंच कोपऱ्याकडे पाहिलं, कुणी झोपलं आहे का म्हणून.

मग तिनं मला दाखवलं. रस्त्यापलीकडचा निंब. कारखाना आला तेव्हा गाव उठलं, घरं गेली, मशिनीनं सगळं सपाट झालं आणि त्यावर आमची ही एकसारखी क्वार्टरं उभी राहिली, पण तो एक निंब कसा कोण जाणे राहिला. निंबापासून उगवतीकडे बावीस पावलं गेलं की तिच्या घराचं मागचं दार. तिथं बारी, आपण परस म्हणतो ती. तिथं चौदा महिन्यांची मथुरा तापानं गेली तेव्हा पुरली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, घराजवळच ठेवतात, आमच्याकडेही तसंच. मग क्वार्टरं झाली, कौशल्या मजुरांच्या कँपात राहायला गेली, आणि सेक्टरमध्ये भांड्यांची कामं मागत घरोघर हिंडली. हिंडता हिंडता बावीस पावलं मोजली तर ती आमच्या भिंतीच्या आत येत होती. आमच्याआधी जे राहत होते त्यांच्याकडे तिनं दोनदा काम मागितलं, त्यांनी दिलं नाही. मी अंथरुणाला खिळले म्हणून तिला हे दार उघडलं. हे तिनं मला सांगितलं नाही, मीच नंतर जुळवलं, आणि जुळवल्यावर माझा संताप संताप झाला. माझं पोट पडलं आणि हिला तिचं लेकरू सापडलं. असं मनात आलं माझ्या. आलं ते आलं, आता लपवून काय करू?

आधी आठ दिवस मी त्या बाजूला कपडेदेखील वाळत घातले नाहीत. भीती वाटायची, किळस यायची, कुणाला सांगायची सोय नव्हती. कधी वाटे, कशावरून इथंच? मशिनीनं एवढी जमीन खरवडली, ते इवलंसं हाड कुठल्या कुठं भरावात गेलं असेल. कौशल्याची पावलं तरी तेव्हाची आणि आताची सारखी असतील का? हे तिला एकदा म्हणायला गेले, आणि तिचं तोंड पाहून गिळलं. मग कसं कोण जाणे, दुपारी यांची ड्यूटी असली, घर रिकामं असलं की मी तांदूळ निवडायचं सूप घेऊन त्याच कोपऱ्याशी बसायला लागले. भिंतीची सावली असते, म्हणून. असं मी मला सांगायची. खरं म्हणजे मला बसायला दुसरी जागा नव्हती. माझं जे गेलं ते मी पाहिलंच नाही. नर्सबाईनं पांढऱ्या तसराळ्यावर कापड टाकलं आणि कुणीतरी ते उचलून नेलं. मी विचारलं, कुठं? तर म्हणाली, "आप सो जाइए." यांनी कुठल्याशा कागदावर सही केली. घरी आल्यावर एकदा, एकदाच, मी यांना विचारलं, "तुमी पाह्यलं का?" हे सायकलची चेन साफ करून राहिले होते. म्हणाले, "मले काय माहीत." आणि चेनच साफ करत बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात ती गोष्ट संपली. मी कौशल्याच्या पोरीजवळ बसून तांदूळ निवडायची. तिच्याशी बोलायचीही कधी कधी. आता हे ऐकून कुणी मला वेडी म्हटलं तर म्हणो.

हे सगळं त्या कोपऱ्यात, आणि इकडे घरात लगीनघाई. सासूबाई, गिरजाबाई, म्हणजे एका जागी पाच मिनिटं न बसणारी बाई. दसऱ्याला सोनं लुटून झालं, दुसऱ्या दिवशी त्यांनी पापडाचं पीठ भिजवलं, तिसऱ्या दिवशी दिवाळीचे पोहे आत्तापासून निवडायला काढले. नळाला पाणी आलं की दचकायच्या, आणि गेलं की मला रागवायच्या, जसा नळ मीच बंद केला. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन हे रस्त्यावर जायचे, कारखान्याच्या भट्टीतला उकळता मळ ओततात तेव्हा आभाळ लाल होतं ते दाखवायला. भट्टी पेटून तीन वर्षं होत आली, आम्ही आता मान वर करूनही पाहत नाही. पण सासूबाई पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "हे आग रोज लागते का रे चंपत?" हे हसले. "आग नाही बाई, लोखंडाचं काम हाये ते." त्या हसल्या नाहीत. त्या लाल उजेडात सगळ्यांचे चेहरे परके दिसत होते, यांचासुद्धा. माझ्या मनात एकच, आजचा धरून तीन वाफे झाले. चार राहिले.

मी काय काय केलं म्हणून सांगू. आधी कोपऱ्यात कोळशाचा ढीग टाकला. मामाजींनी घमेल्यानं उचलून तो नळाच्या बाजूला नीट रचून दिला, वर मलाच म्हणाले, "कोळसा पान्याजवळ पाह्यजे बाई, शेगडी तिकडंच पेटवतेस ना." मग म्हटलं, क्वार्टरात खणायची मनाई आहे, साहेब लोक पाहायला येतात. तर ते कुदळीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "साहेब आला तं त्याले वालाच्या शेंगा देऊ." त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं. जन्मभर मातीत हात असलेला माणूस, लेकाच्या दोन खोल्यांत खुर्चीवर बसवून ठेवलेला. सकाळी परसात आले की त्यांची पाठ सरळ व्हायची. यांना सांगून पाहिलं. हे त्या आठवड्यात रातपाळीला होते, सकाळी यायचे, दोन घास खाऊन तोंडावर चादर ओढून झोपायचे. म्हणाले, "खनू दे ना वं. बुढा खुश हाये. गावात जाऊन सांगल सगळ्यायले, भिलाईत वाफे घातले म्हनून." खरं सांगावं असं ओठांवर आलं, पण यांच्या पोटात काही राहत नाही, आईजवळ तर मुळीच नाही. आणि सासूबाईंना कळलं की काय होणार हे मला पाठ होतं. सुनेची कूस रिकामी, आणि परसात कोणाचं तरी मेलेलं लेकरू. त्याच दिवशी कौशल्याला दाराबाहेर काढलं असतं, बैगा, म्हणजे इथला मांत्रिक, बोलावला असता आणि कोपरा उकरून जे निघेल ते लांब नेऊन टाकलं असतं. आधीच एकदा सगळं उकरून झालं होतं तिचं.

कौशल्या रोज पाहायची. नळाशी बसून भांडी घासताना तिची पाठ मामाजींकडे असायची, पण कुदळीचा प्रत्येक ठोका तिच्या खांद्यांना कळायचा. पेज ओतायला आता ती भीत भीत जायची, घरात कुणी पाहत नाही अशी वेळ साधून. तीन वाफे राहिले त्या सकाळी ती नुसती एवढं म्हणाली, "बबा ला कहि दे न, बहिनी." सांग ना त्यांना. मी म्हटलं, सांगते. आणि उलट तिच्यावरच करवादले की तव्याला काजळी तशीच आहे. मला माझाच राग आला की मी असंच करते.

मंगळवारी आम्ही सगळे डोंगरगडला गेलो, दुर्गहून गाडीनं. माझी नणंद कमलिनी आणि तिच्या दोन पोरी आदल्या दिवशीच आल्या होत्या, म्हणून सासूबाईंनी बेत काढला, पण बेत कशासाठी होता ते मला ठाऊक होतं. डोंगरावर बमलाई देवीच्या पायऱ्या चढताना माझ्या हातात नारळ दिला, काही तरी पुटपुटायला लावलं. परतीच्या गाडीत त्या माझ्याजवळ सरकल्या. बाहेर धानाच्या शेतांचे पिवळे पडलेले तुकडे पळत होते. आवाज खाली आणून म्हणाल्या, "रुक्मे, पोट पडलं तं पडलं. बाईच्या जातीले हे हाये. पन त्याची माती नीट केली का नाही तुमी? चंपतनं पत्रात काही लिहलं नाही. माती झाली नाही ना, तं ते लेकरू दार सोडत नाही बाई. मागच्याले येऊ देत नाही." मी खिडकीकडे तोंड केलं. त्यांना वाटलं मला रडू आलं. रडू नव्हतं, माझ्या डोळ्यांपुढे ते पांढरं तसराळं आलं होतं, आणि त्यावरचं कापड, त्याच्या एका कोपऱ्याला निळा दोरा होता. एवढंच मला माहीत आहे माझ्या लेकराबद्दल. निळा दोरा. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा मला इतका आधार वाटला, आणि तितकीच भीती.

कोजागिरी झाली, दूध आटवलं, शेजारची मंडळी येऊन गेली. नंतरच्या रविवारी सकाळी कमलिनीची दुपारची गाडी म्हणून घरात गडबड. परसात ऊन छान होतं, सगळ्यांना तिथंच चहा दिला. सासूबाई पाटावर बसून पोरींच्या वेण्या घालत होत्या. कौशल्या नळाशी. हे नुकतेच पाळीवरून आले होते, कपडे न बदलता दारात उभे, हातात कप. मामाजींनी शेवटच्या वाफ्याला हात घातला होता. आधी ओळीनं खुरपून गवत काढलं. कोपऱ्यातली जमीन चिकट, काळी, मऊ. "पाह्य," मामाजी यांना म्हणाले, "साऱ्या परसात असली माती नाही. हे माती कोनीतरी पोसली हाये." आणि कुदळ खांद्यावर गेली.

कौशल्या उठली. राखेनं भरलेले हात तसेच पुढे, कोपरापासून कडक झालेले. तिला बोलण्याचा हक्क कुठं होता त्या परसात. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा मामाजी. तिथं माझं लेकरू हाये."

कुदळ वरच राहिली. मग हळूच खाली आली, त्यांच्या पायाशी. कमलिनीनं पोरींना जवळ ओढलं. मामाजींनी डोक्याचं फडकं काढलं, ते हातात धरून उभे राहिले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी खुरपून काढलेलं गवत, ढेकळं, सगळं दोन्ही हातांनी होतं तसं परत लोटायला सुरुवात केली. मी तेव्हाच पुढे बोलायला हवं होतं, मी नाही बोलले. कौशल्यासाठी खोटं बोलले असं मी पुढं कितीदा मनाशी घोळवलं. पण त्या क्षणी तो शब्द बाहेर आला, माझं लेकरू, तेव्हा माझ्या छातीतून काहीतरी इतकं मोकळं झालं की मला ते खरंच वाटलं. तिथं जमिनीत माझंच काही होतं. सव्वा वर्षानं मला त्याची जागा मिळाली होती, आणि मला ती सोडायची नव्हती.

सासूबाई रडल्या. रडून झाल्यावर कोपऱ्याजवळ बसल्या, जमीन हातानं कुरवाळली. "म्हून विचारलं मी गाडीत, तं तोंड फिरवलं. येवढं मनात ठेवून बसली माही पोरगी." मग पदरानं डोळे कोरडे करून एकदम कामाला लागल्यासारख्या झाल्या. इथं कुणी पाय द्यायचा नाही. चार विटा लावून घ्या. आणि पेज कोण टाकतं इथं, चिकट लागतं हाताला? मी कौशल्याकडे न पाहता म्हटलं, "कौशल्या टाकते." "आता हिनं नाही टाकायची," सासूबाई म्हणाल्या. वाईट मनानं नाही म्हणाल्या. "घरचं लेकरू हाये. घरच्या हातानं झालं पाह्यजे." त्यांनी यांच्याकडे मान वळवली. "चंपत, पोरगं होतं का पोरगी?"

मी यांच्याकडे पाहिलं. आता खोटं उघडं पडणार. हे दारात तसेच उभे, कप तिरका झालेला, चहा सदऱ्यावर सांडून राहिला होता आणि त्यांना कळत नव्हतं. यांना तर ठाऊकच होतं की इथं काही नाही. हे म्हणाले, "पोरगं होतं." माझ्याकडे पाहत म्हणाले. "केस होते त्याले. डोक्यावर." आणि आत निघून गेले. म्हणजे यांनी पाहिलं होतं. सव्वा वर्ष हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता, आणि त्याला माहीत होतं, पोरगं होतं, केस होते.

सासूबाईंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. बायांच्या गोष्टी बायाच जाणतात असा त्यांचा हिशेब. त्यांनी कौशल्याला विचारलं, "तू होतीस का वं त्या वक्ताले? तुनं पाह्यलं?"

कौशल्या अजून उभीच होती. हातांवरची राख वाळून पांढरी पडली होती. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. सासूबाईंकडे पाहून, जशी बाई बाईला सांगते तशी म्हणाली, "हव दाई. मैं रहेंव. टूरा रिहिस."

होते मी, पोरगाच होता. सासूबाईंनी हात जोडले. कमलिनी म्हणाली, पहिला पोरगा तं दुसराही पोरगाच होईल वहिनी. घरात परत हालचाल सुरू झाली, पोरींच्या वेण्या राहिल्या होत्या, मामाजी विटा शोधायला बाहेर गेले. तिचं घर गेलं, गाव गेलं, ते लोकांनी नेलं. हे मी नेलं, तिच्यासमोर, तिच्याच तोंडून वदवून. मला तिच्या पाया पडायचं होतं. मला ओरडून सांगायचं होतं की नोनी होती, मथुरा होती. कौशल्या नळाशी जाऊन बसली, हात धुतले, आणि मागं न वळता एक हात माझ्याकडे पसरला.

"कप दे दे, बहिनी," ती म्हणाली. "तोर ननंद के गाडी के बेरा होवत हे."

मी एकेक कप तिच्या हातात दिला.